राखलेली जागा

१

दर रविवारी साडेअकराला मी शेजारच्या व्हर्नाशी हात मिळवतो आणि आमची सभा संपते. त्याआधी तासभर कोणी बोललेलं नसतं. आम्ही क्वेकर, गप्प बसून प्रार्थना करणारे ख्रिस्ती. आमच्या सभाघरात पाद्री नसतो, वेदी नसते; जुने बाक, लाकडाची शेगडी आणि गप्प बसलेली माणसं, बस्स. कोणाला आतून अगदीच राहवलं नाही तर तो उभा राहतो, दोन वाक्यं बोलतो आणि बसतो. मला साठ वर्षांत एकदाही असं झालेलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि कोणी विचारलेलंही नाही.

हात मिळवण्याची आमच्याकडे एक ठरलेली वाट आहे. मी आणि व्हर्ना समोरच्या, दोन पायऱ्या उंच बाकावर सगळ्यांकडे तोंड करून बसतो. माझा हात व्हर्नाला, व्हर्नाचा खाली मर्लला, मर्लचा त्याच्या शेजारणीला, असं करत तो ओळीओळीनं मागे जातो आणि शेवटच्या बाकाच्या टोकाला, फळ्यांच्या भिंतीपाशी थांबतो. भिंतीपलीकडे सभाघराचा दुसरा अर्धा भाग आहे. पूर्वी तिकडे बायका बसत, इकडे पुरुष, आणि मधल्या फळ्या दोरीनं वर ओढता येत. पुढे सगळे एकाच बाजूला बसू लागले तेव्हा फळ्यांना खिळे ठोकले. पलीकडचं छत गळायला लागल्यावर तिकडे जायचं कारणच उरलं नाही.

मोजणं हा माझा जुना रोग. समाजशास्त्र शिकवण्यात चाळीस वर्षं गेली. तरुण मुलं प्रार्थनेला का येतात आणि का यायची थांबतात, एवढाच माझा विषय. त्यामुळे हात मागे जाऊ लागला की मी डोळे मिटून आवाज मोजतो. म्हाताऱ्यांचे तळवे कागदासारखे घासतात, मुलांचे टपकन वाजतात. जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही सतरा जण होतो. सतरा माणसांच्या रांगेत हात सोळा वेळा मिळतो.

मी सतरा आवाज मोजले.

सतरावा बारीक होता, लाकडाआडून आल्यासारखा. माझं वय एक्क्याऐंशी, उजव्या कानात यंत्र आहे. पहिला संशय मी यंत्रावर घेतला आणि घरी जाऊन त्याची बॅटरी बदलली. पुढच्या रविवारी नव्या बॅटरीवर सतरावा आवाज जास्त स्वच्छ ऐकू आला.

२

शेवटच्या बाकावर सहा मुलं बसतात. खरं आश्चर्य हेच होतं. आमच्या भागातली चर्चं एकेक करून गोदामं होताहेत, आणि आमच्याकडे एका हिवाळ्यात सहा मुलं आली. पाच जणांच्या घरी क्वेकर कोणी नाही. टकरचे वडील ट्रक चालवतात. मारिसोलची आई कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला जाते आणि तिला वाटतं, मुलगी रविवारी ग्रंथालयात बसते.

सहावी माझी नात, फीबी. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी लोइस गेली आणि फीबी माझ्याकडे राहायला आली. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. येताना तिनं दोन पेट्या आणल्या आणि बोलणं मागे ठेवलं. शाळेत वर्षभर तिनं तोंड उघडलं नाही. घरी 'हो', 'नको', 'भूक नाही'. आमच्या गप्पपणात हिचा गप्पपणा खपून जाईल म्हणून मी तिला सभेला चल म्हणायचो, ती मानेनंच नको म्हणायची. मग ऑक्टोबरात एका रविवारी ती बूट घालून आपणहून गाडीत येऊन बसली. मी काही विचारलं नाही. नोव्हेंबरात ती जेवताना हसली. डिसेंबरात तिनं मर्लला ऐकवलं, "मर्ल, तुझी कॉफी म्हणजे डबक्यातलं पाणी आहे." सभाघराची शेगडी आणि कॉफी मर्ल सांभाळतो. तो मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

तेवढ्यात आमच्या पंथाच्या वार्षिक मंडळाकडून पत्र आलं. सगळीकडे सभा बंद पडताहेत, तुमच्याकडे मुलं कशी आली ते कळवा, आम्हीही तसंच करून बघू.

"तूच लिही," व्हर्ना म्हणाली. आमच्यात लहानमोठ्या सगळ्यांनाच तू म्हणतात. "जन्मभर दुसरं काय केलंस?"

"मुलांना विचारावं लागेल."

"मग नको लिहूस."

तिला इंडियानाची गोष्ट ठाऊक होती. १९८१ साली तिथल्या एका चर्चमध्ये चौदा मुलांचा गट होता. प्रत्येकाला मी विचारलं, तू कोणामुळे आलास? उत्तरांचे बाण काढून एक नकाशा केला. सगळे बाण फिरून फिरून एका मुलीपाशी जात होते, आणि ती आली होती एका मुलासाठी, जो केव्हाच यायचा थांबला होता. फार सुंदर नकाशा होता. मी तो त्यांना दाखवला. महिन्याभरात चौदाच्या चौदा मुलं गेली. त्या मुलीचं मला पत्र आलं, एकाच वाक्याचं: मला वाटलं होतं, मला कोणीतरी बोलावलंय.

त्या अभ्यासावर मला बढती मिळाली.

३

तरीही मी विचारलं. स्वतःला सांगितलं की फीबीसाठी विचारतोय. तिला इथवर कोणी आणलं हे आजोबाला कळायला नको? हे कारण खरं होतं की सोयीचं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

सभेनंतर टकर ब्रेडवर सफरचंदाचा मुरंबा थापत उभा होता.

"तुम्ही हे पेपरात छापणार... म्हणजे तू छापणार?"

"नाही. नुसतं विचारतोय. तू कोणामुळे आलास?"

"कोणामुळे वगैरे नाही. बाहेर मरणाची थंडी होती, दार उघडं होतं. मागच्या बाकावर जागा होती. म्हणजे, कोणीतरी सरकून केली जागा."

"कोणी?"

"टोकाच्यानं."

"टोकाला मारिसोल बसते ना?"

"ती नंतर आली. माझ्या वेळी दुसरं कोणी होतं."

मारिसोलला विचारलं. तिनं खांदे उडवले. "टोकाच्यानं जागा राखली होती. मला वाटलं, टकरचा दोस्त असेल. बाक ऊबदार होता, आत्ताच कोणी उठल्यासारखा." बाकीच्या तिघांनी शब्द वेगळे वापरले, सांगितलं हेच. प्रत्येकाला वाटत होतं की तो दुसऱ्या कोणाच्या तरी ओळखीचा आहे. चेहरा कोणालाच आठवेना. आमच्या सभेत कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत बसत नाही, त्यामुळे यात काही चुकीचं आहे असंही त्यांना वाटलं नव्हतं.

निदान एक रात्र गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या हातात कागद होता, कागदावर पाच बाण होते आणि पाचही कागदाच्या कडेबाहेर जात होते. तिथल्या तिथे मी मोठ्यानं म्हणालो, "टकर, तू आलास तेव्हा त्या बाकावर कोणीच बसत नव्हतं. मी समोरच बसतो, मला सगळं दिसतं. बाक रिकामा होता."

टकरचं हसू तोंडावर राहिलं, डोळ्यांतून गेलं. मारिसोलनं हातातला ब्रेड हळूच खाली ठेवला. फीबी दारात माझा कोट घेऊन उभी होती. तिनं तो माझ्याकडे दिला नाही, खुर्चीवर ठेवला.

४

बुधवारी दुपारी मी मर्लला पलीकडच्या भागाचं कुलूप काढायला लावलं.

"काय शोधतोयस?"

"आवाज."

"तू स्वर्गाच्या दाराशीही आधी रांग मोजशील," मर्ल म्हणाला. "आणि मग आत जायचं विसरशील."

दार उघडायला दोघांचे खांदे लागले. आत उजेड होता, बर्फावरून आलेला पांढरा उजेड. एक काच फुटलेली होती आणि तिच्यातून आलेल्या बर्फाची जमिनीवर एक लांब जीभ पडली होती. जमीन, खिडक्यांच्या चौकटी, बाकांच्या पाठी, सगळ्यांवर बोटभर धूळ. बाक जागच्या जागी होते, आमच्याच बाकांच्या ओळीत; मधे फळ्या आल्या नसत्या तर एकच बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला असता. धुळीत ना पाऊल, ना उंदराची नखं. मला एकदम हायसं वाटलं. चाळीस फुटांची रिकामी खोली, आणि तिच्यात चाळीस फुटांचं रिकामेपण. पलीकडे कोणी नव्हतं. मुलांनी एकमेकांचं ऐकून एकमेकांना आणलं होतं आणि मधे एक कोणीतरी कल्पून घेतला होता. हे मी जन्मभर शिकवत आलो होतो.

फळ्यांलगतच्या बाकावर मी जरा टेकलो.

कोट जाड होता, तरी कळलं. हातमोजा काढून मी लाकडावर हात ठेवला. शेजारी ठेवला, गार. पुन्हा तिथे ठेवला. एका माणसाला पुरेल एवढी जागा ऊबदार होती, आणि तिच्यावरची धूळ मी बसेपर्यंत अखंड होती.

"ऊन लागलं असेल," मर्ल म्हणाला.

"ही उत्तरेची बाजू आहे, मर्ल."

तो कुलपाशी खटपट करत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझे वडील इथली शेगडी पेटवायचे. फळ्यांना खिळे मारायला त्यांचा विरोध होता. का, ते कधी बोलले नाहीत. चल, माझे गुडघे गारठलेत."

५

त्या रविवारी शेवटच्या बाकावर फीबी एकटीच बसली होती.

सभा संपली तेव्हा मी आवाज मोजले. बारा माणसं, अकरा आवाज. हात फीबीपाशी आला आणि थांबला. तिनं दुसरा हात फळ्यांच्या बाजूला थोडा पुढे केलेला मी पाहिला. तो तसाच राहिला, मग तिनं तो मांडीखाली घातला.

सोमवारी ती जेवली नाही. मंगळवारी शाळेतून फोन आला. त्यांना तिच्या बोलण्याची सवय झाली होती, म्हणून आता काळजी वाटत होती. बुधवारी मी बटाट्याचं सूप केलं, लोइस करायची तसं, आणि तिच्यासमोर ठेवलं. तिनं चमचा उचलला नाही. घड्याळ टिकटिकत होतं. दोन वर्षांपूर्वीचा तोच टेबलावरचा गप्पपणा परत आला होता, आणि या वेळी तो मी आणला होता.

"ते परत येणार नाहीत," ती एकदम म्हणाली. "टकर म्हणाला, वेडपट वाटतं आता. कोणी नव्हतंच म्हणे. तू सिद्ध केलंस."

"मी काही सिद्ध केलं नाही, फीबी."

"कागद होता तुझ्या हातात."

मग न राहवून, इतकं कळत असूनही, मी तोच प्रश्न तिला विचारला. "तुला कोणी आणलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे लोइसचे आहेत. "तुला कोणी आणलं, आजोबा?"

"तुझ्या आजीनं."

"कसं?"

मी सांगितलं. एकोणीसशे बासष्ट, मी विद्यार्थी, एका मुलीला सभाघरात जाताना पाहिलं आणि मागोमाग शिरलो. मागच्या बाकावर ती मुलगी, म्हणजे हुल्डा, बसली होती, तिनं माझ्यासाठी शेजारची जागा राखली होती. हे मी शंभर वेळा सांगितलेलं आहे, लग्नात, वर्गात, तिच्या अंत्यसभेत.

पण त्या दिवशी सांगता सांगता मी मधेच थांबलो. कारण हुल्डा जायच्या आठवड्यात, दवाखान्यात, मी तिला याचीच आठवण करून दिली होती तेव्हा ती म्हणाली होती, "मी कुठे राखली होती जागा? तू आलास तेव्हा आपल्या मधे एक जण होता. मला वाटलं, तू त्याच्याबरोबर आलायस." औषधाच्या गुंगीत बोलतेय, असं मी तेव्हा ठरवलं. माझं ठरवणं नेहमी असं झटपट असतं.

"कुठला बाक?" फीबीनं विचारलं.

बाक तोच होता.

६

पुढच्या रविवारी मी समोरच्या उंच बाकावर बसलो नाही. व्हर्नाला म्हणालो, "आज सभा तू संपव." मी मागे गेलो आणि शेवटच्या बाकाच्या टोकाला बसलो. उजवा खांदा फळ्यांना टेकला. खिळ्यांची डोकी कोटातून लागत होती. फीबी माझ्या डावीकडे येऊन बसली. तिच्यापलीकडे पाच जणांची रिकामी जागा.

साडेदहा झाले. शेगडीत लाकूड तडकलं. मर्लच्या पोटात गुरगुरलं. इतकी वर्षं मी समोरून या गप्पपणाकडे बघत आलो होतो, वर्गातल्या मुलांकडे बघावं तसा. आत बसून तो वेगळा लागतो. त्याला वजन आहे. मी मनात काय म्हणत होतो ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो: मी म्हणत होतो, तू कोणीही अस, त्या मुलांना परत आण. या पोरीसाठी. मी यापुढे विचारणार नाही.

दार उघडलं. थंडी पायांशी आली. मी वळून पाहिलं नाही. ओल्या बुटांचा आवाज ओळीच्या कडेपर्यंत आला आणि अडखळला. माणूस परत फिरण्याआधी अडखळतो, तसा.

फीबीनं मला कोपर मारलं. "सरक," ती कुजबुजली.

तिच्यापलीकडे बाक रिकामाच होता, आणि मला सरकायला जागा नव्हती. खांद्याशी फळ्या होत्या. पण नातीनं सांगितलं म्हणून मी सरकलो, आणि जागा झाली. फीबी सरकली, तिच्यापलीकडे कोणीतरी बसलं, टकरच्या जाकिटाला येतो तसा डिझेलचा वास आला. पुन्हा दार वाजलं. पुन्हा कोपर. मी सरकलो. मग आणखी एकदा. पाच वेळा सरकलो. दर वेळी बुडाखालचं लाकूड ऊबदार होतं, आत्ताच माझ्यासाठी कोणी रिकामं केल्यासारखं.

एक्क्याऐंशी वर्षं सगळ्या गोष्टींकडे वळून वळून बघितलेला माणूस मी. उजवीकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. नजर गुडघ्यांवर ठेवली. तरी डोळ्याच्या कोपऱ्यात काही येतंच. जिथे भिंत असायला हवी तिथे बाक पुढे गेला होता. एक बाही दिसली, तपकिरी, मनगटापाशी झिजलेली. तिच्यापलीकडे दुसरी बाही. आणि त्यापलीकडे वाकवलेल्या माना, एकाच ओळीत, लहान होत होत, जिथे पांढरा उजेड होता तिथपर्यंत.

समोर व्हर्नानं मर्लशी हात मिळवला. हात निघाला. कागदासारखे आवाज, मग टपकन वाजणारे, एक, दोन, जवळ येत. फीबीनं माझा डावा हात धरला. तिचा तळवा घामेजला होता.

मी उजवा हात पुढे केला.

तो कोणीतरी घेतला. कोरडा हात, ऊबदार, पकड घाईची नाही. थोडा वेळ धरला, सभ्य माणसं धरतात तेवढाच, आणि सोडला. मग पलीकडे हात मिळाल्याचा आवाज आला. त्याच्या पलीकडे आणखी एक. आणि आणखी एक, दूर जाणारा. ती खोली चाळीस फुटांची आहे, मी स्वतः पाहिली होती.

७

माणसं उठली तेव्हा माझा खांदा फळ्यांना टेकलेला होता आणि खिळ्यांची डोकी टोचत होती. मागच्या खोलीत टकर मर्लला म्हणत होता, "मर्ल, ही कॉफी गेल्या रविवारचीच आहे ना?" आणि मर्ल म्हणत होता, "चुकलास. त्याच्या आदल्या." मारिसोल खिदळत होती. माझ्याकडे बघून तिनं मान डोलावली, तुला कळलं तर, अशी. मी ब्रेडचा तुकडा घेतला आणि कोणाला काही विचारलं नाही. खिशातला पाच बाणांचा कागद शेगडीत टाकला. मंडळाला एका ओळीत कळवायचं ठरवलं: आमच्याकडे आलेल्याला सरकून जागा देतात.

घरी जाताना फीबी शेजारी बसून खिडकीच्या वाफेवर रेघा काढत होती. तिनं मला सांगितलं की तिला भूक लागलीय, की मारिसोलला सुट्टीत घरी बोलवायचंय, की माझं गाडी चालवणं दिवसेंदिवस भीतीदायक होतंय. मग जरा थांबून म्हणाली, "मोजलेस ना?"

आमच्यात खोटं बोलत नाहीत.

"मोजले."

"किती झाले?"

"चारशे अकरा. मग तू कोट आणून दिलास."

"म्हणजे संपले नव्हते?"

रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना बर्फाची सपाट शेतं. मी गाडी कडेला घेऊन थांबवली, इंजिन बंद केलं, उजव्या कानातलं यंत्र काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. ते काढल्यावर मला शेजारी बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही. फीबीचे ओठ हलले, शब्द कळले नाहीत.

हात मिळाल्याचे आवाज मात्र चालूच होते, एकामागून एक, घाई न करता, खूप लांबून.